साट्याचा दुसरा कागद

अमथाभाईंना एक घटस्फोट लिहायला सांगितला होता. त्यांनी दोन लिहिले.

यात दुष्टपणा नव्हता. अमथाभाई म्हणजे मुंगीला वाट देऊन चालणारा माणूस. उत्तर गुजरातेत, डीसाच्या कोर्टाबाहेर, कडुलिंबाखालच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून ते सव्वीस वर्षं अर्ज, प्रतिज्ञापत्रं आणि फारगतीचे, म्हणजे घटस्फोटाचे, कागद लिहीत आले होते. त्या मुलखात फारगतीचा कागद सहसा एकटा येत नाही, कारण लग्नंच जोडीनं होतात. तुमची मुलगी आमच्या मुलाला, आमची तुमच्या मुलाला. याला साटं म्हणायचं. एक जोडी मोडली की दुसरीनंही मोडायचं, मग तिचं कितीही गोडीगुलाबीनं चाललेलं का असेना. गाडीचं एक चाक निखळल्यावर दुसरं ठेवून काय करायचं, असा तिथला विचार. त्यामुळे अमथाभाईंच्या हाताला वळणच पडलं होतं. चपला जशा एकएकट्या शिवत नाहीत, तसे ते फारगतीचे कागद एकएकटे लिहीत नसत. त्यात कॉम्प्युटर आला. जुना मसुदा उघडायचा, नावं बदलायची, दोन प्रती काढायच्या, पाकिटाला डिंक लावायचा.

सोमवारी झमकूबेन आली तेव्हा तिनं बजावून सांगितलं होतं, "भाई, कागद एकच. माझ्या भावाचा. आमचा नाही."

चहाची बशी ओठांशी असल्यामुळे अमथाभाईंनी नुसती मान हलवली. मानेनं ऐकलं, हातानं ऐकलं नाही. बुधवारी झमकूचे वडील नागजीबापा येऊन पाकीट घेऊन गेले.

झमकू ही नागजीबापांची लेक. बारा वर्षांपूर्वी तिला शेजारच्या गावच्या लवजीबापांच्या घरी, भेमजीला दिली, आणि त्याच मांडवात लवजीबापांची दाडम झमकूच्या भावाला, सेंधाला दिली. झमकूचं आणि भेमजीचं जमलं. तो बोलत नसे आणि ती थांबत नसे, त्यामुळे घरात एकूण बोलणं बेताचंच राही. दाडमचं आणि सेंधाचं मात्र जमलं नाही. सेंधा सुरतेला हिरे घासायचा. दोघं एका खोलीत दोन कुलूपबंद पेट्यांसारखी राहिली. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. यांच्यात भांडणसुद्धा नव्हतं. शेवटी पाच वर्षांच्या लेकराला, वसूला, घेऊन दाडम दोन वर्षांपूर्वी बापाच्या घरी, म्हणजे झमकूच्याच चुलीशी परत आली.

नणंद-भावजयींचं छान चाले. जळत होतं ते लवजीबापांचं. आपली लेक माघारी येऊन बसली आहे आणि त्यांची लेक कमरेला किल्ल्या लावून फिरते आहे, हे दृश्य त्यांना रोज सकाळी बाजरीच्या रोटल्याबरोबर गिळावं लागे.

शिवाय एक जुना सल होता. झमकू गावच्या दूध मंडळीत, म्हणजे सहकारी डेअरीत, दूध घ्यायला बसायची. नमुना मशिनमध्ये घालायचा, येईल तो आकडा लिहायचा. काका नाही की मामा नाही. एकदा खुद्द सासऱ्यांच्या घागरीतलं दूध पातळ लागलं. सगळ्या रांगेसमोर ती म्हणाली, "बापा, आज म्हशी तळ्यात पोहून आल्या वाटतं." आणि घागर परत. त्या दिवसापासून लवजीबापा दूध द्यायला मुलाला पाठवू लागले.

दाडम आणि सेंधानं मोकळं व्हावं आणि दुसरी जोडी तशीच राहावी, हे गावात कधी न घडलेलं गणित झमकूनंच चार महिने घरोघर बसून जमवलं होतं. नागजीबापा कबूल झाले. लवजीबापाही दात खाऊन का होईना, कबूल झाले.

गुरुवारी चावडीवर पाच पंचांसमोर पाकीट फोडलं. पहिला कागद वाचला गेला. सेंधानं सही केली, दाडमनं केली. आणि मग पाकिटातून दुसरा कागद निघाला, झमकू-भेमजीच्या नावाचा.

लवजीबापांनी तो दोनदा वाचला. मग पंचांकडे सरकवला. "बघा. कोर्टाच्या दारातल्या माणसाला रीत कळते, आम्हीच विसरलो होतो."

झमकू त्या वेळी मंडळीत होती. भेमजीच्या हातात बापानं पेन दिलं. भेमजी सही करायचा तो म्हैस शेपूट हलवते तशी. कशासाठी, हे म्हशीला कोणी विचारत नाही. त्यानं सही केली. नागजीबापा हात जोडून म्हणाले, "व्यवहार तो व्यवहार. रविवारी जीप घेऊन येतो, लेकीला नेतो." दहा वर्षांचा लाखो आणि सात वर्षांची रूडी ही झमकूची मुलं त्यांच्या बापाकडेच राहणार, हेही ठरलं. त्याला तर चर्चासुद्धा लागली नाही.

शुक्रवारी सकाळी कोर्ट उघडायच्या आधी झमकू शेडमध्ये उभी होती. तिनं झेरॉक्स टेबलावर ठेवली.

"वाचा."

अमथाभाईंनी पहिली ओळ वाचली आणि त्यांच्या हातातला चहा थंड व्हायला लागला.

"मोठ्यानं वाचा, भाई. चौथी ओळ."

"'आम्ही उभयता राजीखुशीने, कोणाच्याही दबावाविना...'" अमथाभाई अडखळले. हे वाक्य त्यांचं लाडकं होतं. ते स्वतः घालत, वेगळे पैसे न घेता.

"यातली राजी कोण आणि खुशी कोण, एवढं सांगा. बारा वर्षांत मला तरी भेटल्या नाहीत या दोघी."

"बेन, माझी चूक झाली. हाताला सवय... फाडून टाका ना."

"मूळ कागद सासऱ्यांच्या पेटीत आहे. त्याच्यावर सही आहे. रविवारी माझी घेणार." ती खाली बसली. आवाज खाली आला. "मला एकच सांगा. या कागदानं लग्न मोडतं का?"

अमथाभाईंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता आणि त्यांनी स्वतःला तर मुळीच विचारला नव्हता. समोरच्या इमारतीत रोज काय चालतं, हे मात्र त्यांना पाठ होतं.

"तसं बघायला गेलं तर," ते टेबलाकडे बघत म्हणाले, "नाही."

"तसं नका बघू. सरळ बघून सांगा."

"नोटरीनं शिक्का मारला, तरी ती सही अमक्यानंच केली एवढीच साक्ष. लग्न मोडायचं तर कोर्टाचा हुकूम लागतो. दोघांनी मिळून अर्ज करायचा. वर्षभर वेगळं राहिलेलं असायला हवं. मग न्यायाधीश सहसा सहा महिने थांबायला लावतात आणि पुन्हा विचारतात, अजून तेच म्हणणं आहे का. मधे एकानं जरी नाही म्हटलं तरी संपलं."

"आणि जातीची रीत?"

"जुनी रीत कोर्ट मानतं, पण ती तिथं सिद्ध करावी लागते. आणि बाईची इच्छाच नाही, तर कसली रीत सिद्ध करणार?"

"मुलांचं?"

"तेही न्यायाधीश बघतात. मुलाचं भलं कशात, ते. चावडी नाही बघत."

झमकू उठली. "मग रविवारी येऊन हेच बोला."

अमथाभाईंनी हातातला चहा खाली ठेवला. चावडीवर उभं राहून आपल्या कागदानं लग्न मोडत नाही असं सांगायचं, म्हणजे हलवायानं दुकानात उभं राहून मिठाईत खवा नाही असं ओरडण्यासारखं होतं. पंचक्रोशीतली निम्मी पेटी-कपाटं त्यांच्या कागदांनी भरली होती.

"बेन, माझं पोट आहे यावर."

"माझी दोन मुलं आहेत यावर." ती पायरीवर थांबली. "दुधात पाणी असलं की मशिन बोलतं. कागदात असलं तर घालणाऱ्यानंच बोलायचं, भाई."

संध्याकाळी जेवताना अमथाभाईंनी बायकोला, मंगुबेनला, सगळं सांगितलं. तिनं खिचडीवर तूप वाढलं आणि विचारलं, "असे किती जोड कागद लिहिलेत आजवर?"

"कोण मोजतंय."

"त्यातल्या दुसऱ्या कागदावरच्या बायका मोजा कधीतरी." तिनं तुपाचं भांडं फडताळात ठेवून दिलं. अमथाभाईंना दुसऱ्यांदा वाढ मागायचा धीर झाला नाही.

रविवारी दहा वाजता ते चावडीवर पोचले तेव्हा नागजीबापांची जीप आधीच उभी होती. टपावर झमकूची लोखंडी पेटी बांधलेली होती. रूडी आईच्या ओढणीचं टोक मुठीत धरून होती आणि लाखो जीपच्या चाकाकडे असा बघत होता, की हवा सोडायची त्याच्या मनात आहे हे कोणालाही कळावं. पंच बाजेवर बसले होते. भेमजी खांबाला टेकून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. लवजीबापांच्या गुडघ्यावर कागद होता आणि कागदावर पेन.

"या अमथाभाई," लवजीबापा म्हणाले, "बरं झालं आलात. साक्षीदार म्हणून तुमचीच सही घालू."

"सहीसाठी नाही आलो." आवाज त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटला. "हा दुसरा कागद मला कोणी सांगितला नव्हता. मी सवयीनं लिहिला. चूक माझी."

"चुकून का होईना, खरं लिहिलंत."

"आणि त्यानं लग्न मोडत नाही."

बाजेवरचा हुक्का गुडगुडायचा थांबला.

"पुन्हा बोला," एक पंच म्हणाला.

अमथाभाई पुन्हा बोलले. कोर्टाचा अर्ज, सहा महिने, न्यायाधीशानं दोघांना विचारणं. "उद्या या कागदाच्या भरवशावर भेमजीचं दुसरं लग्न लावलंत, तर ते लग्न नव्हे, गुन्हा. आत भेमजी जाईल, लवजीबापा. पंचांनाही हेलपाटे पडतील."

मागच्या ओळीतून एक म्हातारा काठी टेकत उठला. "अमथा, माझ्या नातीचा कागद तूच लिहिला होतास ना? जोडीतला दुसरा?"

अमथाभाईंनी या प्रश्नाची शुक्रवारपासून धास्ती घेतली होती. "हो काका. मीच."

"नात परत आणली आम्ही. तिचं चांगलं चाललं होतं."

म्हातारा बसला नाही. तो तसाच उभा राहून बघत राहिला, आणि ते नुसतं बघणं अमथाभाईंना शिव्यांपेक्षा जड गेलं.

लवजीबापांनी कागद मुठीत आवळला. "कोर्टाला काय कळतं. माझी लेक माझ्या दारात बसलीय. यांची लेक का बसू नये यांच्या दारात? नागजी, जीप चालू कर."

नागजीबापांनी किल्ली फिरवली. गाडी घरघरली. रूडीनं ओढणी दोन्ही हातांनी धरली.

तेव्हा दाडम बायकांच्या गर्दीतून पुढं आली. "बापा, मी बसलीय ती माझ्या मर्जीनं. भाभीला माझ्या बदल्यात देऊ नका. दिलंत, तर मी तुमच्या घरचं पाणी पिणार नाही."

झमकूनं तिच्याकडे पाहिलंही नाही. ती सरळ खांबापाशी गेली. "लाखोचे बापा, न्यायाधीश विचारतील तसं विचारते. पंच ऐकतील. मी जाऊ का?"

भेमजी माती उकरत राहिला. सगळा गाव त्याच्या अंगठ्याकडे बघत होता. या माणसानं कधी पुरं वाक्य बोललेलं कोणी ऐकलं नव्हतं, आणि नेमकं आजच ते लागत होतं.

भेमजीनं मान वर केली. बापाकडे पाहिलं, मग जीपच्या टपाकडे. टपावर चढला, पेटीची दोरी सोडली, पेटी खांद्यावर घेतली आणि खाली उतरला.

"म्हशी ओरडतायत," तो म्हणाला. "चल."

एका पंचानं दुसरा कागद लवजीबापांच्या मुठीतून हळूच काढला आणि पहिल्या कागदासकट अमथाभाईंकडे दिला. "हा पहिलाही कामाचा नाही म्हणतोस ना? मग दाडमचं नीट कर."

नीट करायचं म्हणजे कोर्टातल्या पहिल्या जबाबापर्यंत पोचायलाच पावणेतीन महिने गेले. अमथाभाईंनी एका वकीलबाईंना गाठून दाडम-सेंधाचा एकत्र अर्ज करवला. त्याआधी दोघांना समोरासमोर बसवून अटी लिहिल्या: वसू आईकडे, महिन्यातले दोन रविवार आणि दिवाळीचे चार दिवस बापाकडे, शाळेचा खर्च बापाचा, दाडमचे दागिने यादीप्रमाणे तिच्याकडे. तिथं सेंधा आणि दाडम लग्नानंतर पहिल्यांदाच तासभर एकमेकांशी बोलले. वसूला भेंडी आवडत नाही, ही अट सेंधाला घालायची होती. वकीलबाईंनी मोठ्या मुश्किलीनं ती काढायला लावली.

शेडमधली गर्दी निम्म्यावर आली होती. जोड कागदाला आता कोणी येत नसे. उलट जुने कागद घेऊन लोक येत, आणि अमथाभाई त्यांना फुकटात समोरच्या इमारतीकडे बोट दाखवत. नातीचा कागद घेऊन तो म्हाताराही एकदा येऊन गेला.

पहिल्या जबाबाच्या दिवशी दाडम आत गेली तेव्हा झमकू शेडमध्ये बसली होती. अमथाभाईंनी स्वतःच्या हातानं तिच्यासाठी चहा बशीत ओतला.

"बेन, धंदा बुडवला मी तुमच्यापायी," ते म्हणाले. "आता तरी माझी ती चूक माफ केली म्हणा."

झमकूनं चहा संपवला, बशी पालथी घातली आणि उठली.

"लिहून आणा, आणि कागद एकच आणा."