स्टेजखालच्या गाठी

लेखापरीक्षक कोणाचाही मिंधा नसतो. तो फक्त सत्याचा नोकर असतो. आमचे साहेब हे वाक्य वर्षातून एकदा तरी म्हणायचे आणि मी मान डोलवायचे. औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या दीड खोलीच्या ऑफिसात मी टायपिस्ट होते. खोलीचं भाडं, माझा पगार आणि ज्या मशीनवर मी त्यांचे अहवाल टाइप करायचे त्या मशीनचा हप्ता, हे सगळं बहुतेक पाचोडकडच्या एका सूतगिरणीच्या फीमधून निघायचं.

गिरणीचे अध्यक्ष म्हणजे मंत्र्यांचा उजवा हात. तपासणीला जाताना साहेब गिरणीची जीप नाकारायचे. आम्ही एसटीनं जायचो, घरचे डबे आणि साहेबांचा थर्मास घेऊन. "त्यांचा चहा प्यायला की लाल पेन नीट चालत नाही," असं ते म्हणत. फीबद्दल पेनाचं काय मत आहे, हे मी कधी विचारलं नाही. विचारणार कोण? पगार घेणारी?

त्या मार्चअखेरीला गोदामात कापसाच्या चाळीस गाठी कमी भरल्या. अध्यक्षांनी काही लपवलं नाही.

"मंत्र्यांच्या सभेला स्टेज करायला दिल्यात की, साहेब. येतील माघारी."

"सभा दिवाळीत झाली."

"मग? गाठीला काय पाय हाईत व्हय, चालत यायला?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमची फी लई कमी हाय. औंदा वाढवावी म्हणतो."

"आधी गाठी दाखवा."

"आन् नाय दाखवल्या तर? आमच्या साडूचा पोरगाबी ऑडिटरच हाय बरं का."

साहेबांनी थर्मासचं झाकण फिरवलं आणि स्वतःचा चहा ओतून घेतला.

ऑफिसात येऊन त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं: 'चाळीस गाठी एका सभेच्या व्यासपीठाखाली असल्याचे व्यवस्थापन सांगते. आम्हांस त्या पाहावयास मिळाल्या नाहीत.' सही करण्याआधी ते थांबले.

"बाई, याच्यात तुमचा पगार जाईल."

"कार्बन किती लावू, साहेब?"

"चार."

वार्षिक सभा गिरणीच्या आवारात झाली. स्टेज कापसाच्या गाठींचं, वर सतरंजी. अध्यक्षांनी आमचा अहवाल हवेत फडकवला.

"ऑडिटरसाहेब म्हणत्यात, गाठी दिसल्या नाईत. मग मी कशावर उभा हाय? ढगावर?"

सभासद खो खो हसले. साहेबही हसले, वाक्य चांगलंच होतं. त्याच हशात नव्या ऑडिटरचा ठराव मंजूर झाला. साडूच्या मुलाला हार घालून वर बसवलं. त्या टाळ्यांत माझा अर्धा पगार गेला. उरलेल्या अर्ध्यावर मी पुढं बारा वर्षं काढली, साहेबांच्याच ऑफिसात, दीडाऐवजी एका खोलीत, आणि दुसरीकडं अर्ज केला नाही.

निघताना साहेबांनी थर्मास माझ्या हातात दिला, "आलोच" म्हणाले आणि स्टेजला सावकाश एक चक्कर मारून आले.

एसटी पाचोडच्या बाहेर पडली. मग त्यांनी झाकणात चहा ओतून आधी मला दिला.

"लांबीला दहा, रुंदीला चार."

"म्हणजे भरल्या की, साहेब."

"एकोणचाळीस. मागच्या कोपऱ्यात चहाचं रिकामं खोकं आहे. नव्या ऑडिटरची खुर्ची त्यावर होती."