तळं उजव्या हाताला

मेलबर्नच्या आमच्या पहिल्या घरापासून गाडीनं दहा मिनिटांवर एक तळं होतं, आणि तळ्याकाठच्या पार्कात डिस्क गोल्फचा जुना कोर्स. गोल्फसारखाच खेळ, फक्त चेंडूऐवजी प्लॅस्टिकची तबकडी फेकायची आणि खांबावरच्या साखळ्यांच्या टोपलीत पाडायची. तळ्याभोवती असे नऊ खांब. आता तिथे नवे, चकचकीत खांब आलेत. नव्वदच्या दशकात साखळ्या गंजलेल्या होत्या, आकडे उन्हानं पुसले होते आणि खेळायला फारसं कुणी फिरकायचं नाही. मला अजून तोच कोर्स आठवतो. तिथे सासूबाई आणि मी खेळायचो.

त्या सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, नातीला सांभाळायला. पुण्यात मी डॉक्टर होते, पण इथली परीक्षा पास झाल्याशिवाय पेशंटला हात लावायची सोय नव्हती. एकदा नापास झाले होते, आणि तेव्हापासून घरात नुसता चमचा वाजला तरी माझं टाळकं सरकायचं. सासूबाईही काही गरीब गाय नव्हत्या. शेवटी नवऱ्यानं चर्चच्या सेलमधून दोन तबकड्या आणल्या आणि म्हणाला, "दोघी जरा बाहेर जात जा." बिचाऱ्याला दोन तास शांतता हवी होती, हे आम्हा दोघींना कळलं.

पहिल्या दिवशी कुठून सुरुवात करायची ते समजेना. सासूबाईंनी पदर खोचला, स्पोर्ट्स शूजच्या नाड्या पुन्हा आवळल्या आणि सांगून टाकलं, "तळं उजव्या हाताला ठेवू. प्रदक्षिणा तशीच घालतात." मी एरवी वादाला टपलेली असायचे, पण त्या दिवशी ऐकलं. लेकीला बाबागाडीत बसवलं आणि निघालो. सुपातलं धान्य पाखडताना देतात तसा मनगटाला एक झटका देऊन त्या तबकडी सोडायच्या, की ती थेट साखळ्यांत. माझी जायची बदकांकडे. "डॉक्टरीणबाई, पेशंट इकडे आहे," त्या म्हणायच्या. मला राग यायचा, आणि रागात पुढची तबकडी पाण्यातच जायची.

दीडेक महिन्यानं समोरून येणाऱ्या एका तबकडीपासून माझं डोकं थोडक्यात वाचलं. मागोमाग टोपीवाले एक म्हातारे गृहस्थ धावत आले. सॉरी म्हणाले आणि मग हसत म्हणाले, "लेडीज, यू आर प्लेइंग इट बॅकवर्ड्स." कोर्स त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी मिळून उभा केला होता. आमचा पहिला खांब म्हणजे त्यांचा नववा. इतके दिवस आम्ही अख्खा कोर्स उलटा खेळत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासूबाई मात्र ढिम्म. "त्यांना सांग, उलट्या फेऱ्या आमच्यात माणूस गेल्यावर घालतात. आम्ही चाललोय ते बरं आहे."

हे इंग्रजीत कसं सांगायचं? मी म्हटलं, आईंना असंच आवडतं. "नो वरीज," म्हणाले. त्यानंतर आम्ही दिसलो की ते आपली तबकडी हातात धरून बाजूला उभे राहायचे.

सासूबाईंचं तिकीट एप्रिलचं होतं, माझी परीक्षा ऑगस्टात. आणि साताऱ्याला त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. त्यांची आई लवकर गेली तेव्हा त्याच बहिणीनं सासूबाईंना वाढवलं होतं. दर रविवारी फोनवर ती विचारायची, "कधी येतेस?" हे मी ऐकत होते. ऐकत होते, तरी एक दिवस पाचव्या खांबापाशी, त्यांच्याकडे न बघता, विचारलंच. "आई, ऑगस्टपर्यंत राहाल?"

त्यांनी आधी तबकडी फेकली. ती खांबाच्या बरीच अलीकडे पडली.

"राहते," म्हणाल्या. "पण या खेपेला पास हो."

मी पास झाले. आयुष्य त्या परीक्षेनं मार्गी लागलं. पण सासूबाई राहते म्हणाल्या, त्या क्षणी मला नुसता आनंद झाला होता, दुसरं काही नाही, आणि त्याची लाज अजून वाटते.

परीक्षेच्या दिवशी सकाळी नवरा कामावर गेला होता आणि मी आंघोळीला. तेवढ्यात फोन वाजला. बाहेर आल्यावर विचारलं, "कुणाचा होता?" "राँग नंबर," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या हातावर दही ठेवलं आणि मी ते चाटून संपवेपर्यंत समोर उभ्या राहिल्या.

चार वाजता परतले तर त्या बूट घालून दारात, लेक बाबागाडीत. "चल, तळ्यावर जाऊन येऊ." गाडीत मी सारखी बोलत होते. कुठला पेशंट आला, परीक्षकानं काय विचारलं, मी काय सांगितलं. त्या "हं, हं" करत होत्या.

पार्कात उतरल्यावर मी सवयीनं नेहमीच्या बाजूला वळले. मागे बघते तर सासूबाई दुसरीकडे निघालेल्या, त्या म्हाताऱ्यांच्या पहिल्या खांबाकडे.

"आई, आज इकडून?"

त्या थांबल्या, पण वळल्या नाहीत. "सकाळचा फोन साताऱ्याचा होता," म्हणाल्या. "ताई गेली."

मग त्यांनी तबकडी फेकली आणि चालू लागल्या. मी बाबागाडी ढकलत त्यांच्या मागोमाग निघाले, तळं डाव्या हाताला ठेवून.