झाकून बघा

शाळेतली मुलं तिला ‘झाकून बघा बाई’ म्हणत. तोंडावर नाही, पण तिच्या कानावर जाईल इतपत मोठ्यानं. विज्ञान शिकवायची तिची रीतच तशी होती. शाळेच्या गच्चीवर एक सौर पॅनेल होतं आणि शेजारच्या टेबलावर त्याला थेट जोडलेला छोटा पंखा. नवा वर्ग आला की ती आधी फिरता पंखा दाखवायची, मग चादर पुढे करायची. “मी सांगते म्हणून खरं मानू नका. झाकून बघा.” मुलं पॅनेलवर चादर टाकत, पंखा मलूल होऊन थांबे, चादर ओढली की पुन्हा फिरे. एरवी तिला वात आणणारी कार्टीसुद्धा त्या घटकेला चूप होत.

तिचा थोरला भाऊ त्याच शाळेचा मुख्याध्यापक होता. तिनं लग्न केलं नव्हतं. भावाच्या घरातली मागची खोली तिची आणि आवाज मात्र सगळ्या घरभर तिचाच, असं वहिनी म्हणायची.

यंदा परदेशातल्या एका शाळेशी देवाणघेवाण ठरली. तिकडची मुलं इथे येणार, न संपणारी ऊर्जा कशी वापरायची ते दोन्हीकडची मुलं एकत्र शिकणार, आणि पुढच्या वर्षी इथली मुलं तिकडे जाणार. सोबत जाणाऱ्या शिक्षकाच्या जागी तिचं नाव होतं. देशाबाहेर तिनं कधी पाऊल ठेवलं नव्हतं. आपल्याला त्याचं काही नाही असा तिचा आव होता, पण कपाटावर नवी बॅग येऊन बसली होती आणि ती वहिनीच्या नजरेतून सुटली नव्हती.

घोडं अडलं होतं ते पॅनेलपाशी. मागच्या पावसात पाणी आत शिरून ते बंद पडलं. तिनं संस्थेच्या अध्यक्षांचं डोकं खाल्लं. अध्यक्ष म्हणाले, बघू. स्वागताच्या कमानीला मात्र त्यांना ‘बघू’ म्हणावं लागलं नाही.

पाहुणे यायच्या सकाळी चहा पिताना दादा म्हणाला, “तो पंखा फिरतोय आता.”

“कसा?”

“वायरमननं खालून लाइन ओढलीय. टेबलामागून आहे, दिसत नाही.” त्यानं कप खाली ठेवला. “आज झाकायचं नाही. एवढं माझं ऐक.”

“म्हणजे मीटरवरचा पंखा सूर्याच्या नावावर खपवायचा?”

“एका दिवसाचा प्रश्न आहे, गं. बिनसलं तर मुलांचं जाणं बोंबललं, तुझंही. आणि माझी खुर्ची गेली ते वेगळंच.”

“तिला सांगितलंत कशाला?” वहिनी म्हणाली. “तिच्या पोटात काही राहतं का कधी?”

ती अर्धा चहा तसाच टाकून निघाली. दादाला याचाच जास्त धसका बसला.

आणि खरं सांगायचं तर तिनं त्याचं ऐकलंसुद्धा. गच्चीवर दोन्हीकडच्या मुलांसमोर ती भराभर बोलली, पंख्याकडे बोट केलं आणि जिन्याकडे वळली. तिला जायचं होतं. फार जायचं होतं. स्वतःची लाज वाटत होती, तरी पाय जिन्याकडे चालले होते.

तेवढ्यात तिच्याच वर्गातली एक मुलगी घडी केलेली चादर घेऊन पुढे आली. “बाई, झाकायचं राहिलं.”

“आता वेळ नाही, बाळ,” अध्यक्ष हसत म्हणाले. दादा गच्चीच्या कठड्याकडे बघू लागला. पाहुण्यांच्या बाई, पिकल्या केसांच्या आणि उंच, थांबल्या.

मुलीच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. बाई विसरल्या, एवढंच तिला वाटलं होतं. ते तिच्या बाईंना सोसेना.

“राहिलं खरं,” त्या म्हणाल्या. “टाक.”

चादर पडली. पंखा खुशाल फिरत राहिला. पाहुण्या मुलांपैकी कुणीतरी फिसकन हसलं. मुलीला वाटलं, आपलंच काही चुकलं. ती ओणवी होऊन चादरीची टोकं ओढू लागली, कुठे फट राहिली का ते पाहू लागली.

“वायरमननं घोळ घातलाय,” अध्यक्ष म्हणाले.

“वायरमननं सांगितलं तेवढंच केलं.” बाईंनी टेबलामागे हात घालून प्लग उपसला. पंखा थांबला. मग त्या आधी पाहुण्यांच्या भाषेत, अडखळत, आणि नंतर आपल्या भाषेत म्हणाल्या, “पॅनेल बंद आहे. आम्ही तुम्हाला खोटं दाखवत होतो, आणि मीही त्यात होते. पुढच्या वर्षी आमची मुलं तुमच्याकडे आली तर तुमचं बंद पडलेलंही त्यांना दाखवा. नुसतं चालतं तेच दाखवायचं असेल तर फोटो पाठवा, विमानाचा खर्च कशाला?”

अध्यक्षांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण बाईंनी तो पाहिला नाही. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर मागवला. उरलेला सगळा तास दोन्हीकडची मुलं पॅनेल उलटं करून त्याच्या गंजलेल्या जोडांवर डोकी घालून बसली. ते काही चालू झालं नाही.

संध्याकाळी दादा घरी आला तो बुटांसकट खुर्चीत बसला. “अध्यक्ष म्हणतात, उद्या पाहुण्यांसमोर माफी माग. सगळा गोंधळ तुझा होता म्हण. मग तुझं नाव राहील.”

“नाही मागितली तर?”

“दुसरं कुणीतरी जाईल. माझं काय करायचं ते बैठकीत ठरेल.”

“त्याचं मला वाईट वाटतं, दादा. पण लाइन तू ओढायला लावलीस. आणि मुलं?”

“मुलं जाणार. पाहुण्यांच्या बाईंनी तसं स्पष्ट सांगितलंय.”

“मग मी माफी मागणार नाही.”

“अगं, पुन्हा अशी संधी यायची नाही तुला.”

“माहीत आहे मला. पण उद्या मी माफी मागितली तर त्या पोरीला जन्मभर वाटेल, चादर टाकली हीच चूक झाली.”

दादा खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला.