कोपऱ्यात तुटलेली वेल

कल्पना करा, तुम्ही गालिचा विणायच्या उभ्या मागासमोर बसला आहात. ताण्याचे दोन उभे धागे पुढे ओढायचे, त्यांना लोकर गुंडाळायची, सुरीने कापायची. झाली एक गाठ. अशा आठशे गाठींची एक ओळ. फणीने ठोकून बसवली की तिची उंची तांदळाच्या दाण्याएवढीही भरत नाही.

आमच्या काकूंनी या गावात सून म्हणून आल्यावर पहिला गालिचा असा अकरा महिने विणला. सासूबाईंची अट साधी होती: गालिचे पारखणाऱ्या तपासनिसांनी त्यावर गावाच्या नावाचा शिक्का मारला, तर खिडकीजवळचा माग तुझा, नाहीतर जन्मभर लोकर पिंजत बस.

काकूंचं माहेरही विणकरांचं. तिथे गालिच्याच्या काठावरची नक्षीची वेल कोपऱ्यात अलगद वळते. इथे ती कोपऱ्यात येऊन धाडकन तुटते, जणू कुणी तोंडावर दार लावलं. काकूंना वाटलं, बिचाऱ्यांना वळण जमत नाही. कुणाला वाईट वाटू नये म्हणून त्या बोलल्या नाहीत. आपल्या गालिच्यात मात्र वेल झोकात वळवली. खालचे दोन कोपरे विणले तेव्हा सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, आणि त्या परतेपर्यंत तो भाग खाली गुंडाळला गेला होता.

वरचे कोपरे सासूबाईंच्या नजरेस पडायच्या आतच, गालिचा मागावरून उतरायच्या आधी, तपासनीस आले. गुंडाळलेला भाग सोडवून, भिंग लावून चारही कोपरे पाहिले आणि हसले.

"सूनबाई, काम एक नंबर. पण हा आपल्या गावचा गालिचा नाही. आपली वेल तुटते, तीच आपली ओळख."

वरचे कोपरे उसवता येत होते, खालच्यांसाठी मात्र सगळा गालिचाच उसवावा लागला असता. काकू उसवायला बसल्या, पण हाताला माहेरची खोड. वेल तोडायला जावं तर आपसूक वळायची. तिसऱ्या खेपेला कुठे नीट तुटली. तपासनीस पुन्हा आले, तरी खालच्या कोपऱ्यांवर अडले. तेव्हा सासूबाई पुढे झाल्या.

"शिक्क्याच्या नियमात कोपरे तुटलेले हवेत एवढंच आहे. चारही, असं कुठे लिहिलंय? दोन तुटलेत, मारा शिक्का."

तपासनिसांनी नियम दोनदा वाचला आणि शिक्का मारला.

त्याला सत्तावीस वर्षं झाली. खिडकीजवळ बसून काकू आता नव्या सुनांना वेल तोडायला शिकवतात, आणि जो म्हातारा विणकर भेटेल त्याला एकच विचारतात: आपल्या गावात पहिल्यांदा वेल जिच्या हातून तुटली, तिला वळवता येत नव्हती, की येत असूनही तिने तोडली?