काळी, पांढरी आणि गाडीवाली जिजी

गाडीवाली जिजी कुठल्याच गाडीकडे आधी समोरून बघत नसे. पार्किंगमध्ये नवी गाडी आली की ती पुढच्या चाकापाशी उकिडवी बसायची, चाकाच्या जाळीतून बोट फिरवायची, ते बोट उजेडात धरायची आणि मग मत द्यायची. मत एकदाच द्यायची. ते बदललेलं मी कधी पाहिलं नाही. गाडीत बसून गाडीबद्दल बोलणारे लोक सुरतेत पैशाला पासरी होते. जिजी एकाही गाडीत कधी बसलेली नव्हती.

ती मूळची शिरपूरकडची. नवागामात आमच्या गल्लीत राहायची. नवरा लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात. त्याला सगळे आबा म्हणत. मागांच्या खडखडाटानं त्याचे कान गेले होते, त्यामुळे घरात जिजीचा आवाज गल्लीभर ऐकू यायचा. पहाटे उठून, दोन शटल रिक्षा बदलून ती अठवा लाइन्सच्या एका उंच बिल्डिंगमध्ये गाड्या धुवायला जायची. घरी अहिराणी, वॉचमनशी गुजराती, माझ्याशी दोन्हींचा काला. इथे मी तिचं बोलणं बरंचसं साधं करून लिहिते आहे.

आमची ओळख झाली ती संडासावरून. शहर तेव्हा प्लेगनंतरच्या सफाईबद्दल शाबासकी मिळवत होतं, आणि त्याच शहराच्या गाड्या पुसणाऱ्या बायकांना सकाळपासून दुपारपर्यंत लघवीला जायची सोय नव्हती. बिल्डिंगमध्ये संडास होता. तो ड्रायव्हरांसाठी होता, बायकांसाठी नाही. मी नुकतीच कामगार संघटनेत आले होते, पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे होतं आणि मला फार राग यायचा. अजूनही येतो. 'शेठजींच्या सोन्याच्या गाड्या धुणाऱ्या भगिनींनो' अशी सुरुवात केलेलं पत्रक मी जिजीला वाचून दाखवलं.

"सोन्याची कोणती?" ती म्हणाली. "बदामी, का काळी?"

"जिजी, तसं म्हणायची पद्धत असते."

"मग म्हण ना. लिहू नको. शेठ वाचेल, म्हणेल माझी गाडी तर लोखंडाची, आणि पुढचं वाचणारच नाही."

मी ते वाक्य काढलं, पण मनातून चिडूनच. संडास मिळायला चार महिने लागले.

त्या पार्किंगमध्ये तीन परदेशी गाड्या होत्या आणि तिघींबद्दल जिजीचं शास्त्र पक्कं होतं. काळी ही जर्मन. तिच्या मालकाचं सुरतेबाहेर सचिन गावी कापड रंगवायचं प्रोसेस हाउस होतं आणि रोज सकाळी तो स्वतः ती पळवत न्यायचा. लोक तिच्या किमतीबद्दल बोलायचे, वेगाबद्दल बोलायचे. जिजी पुढच्या चाकाबद्दल बोलायची. त्या चाकावर एका फेरीतच काजळासारखी भुकटी बसायची. नुसत्या पाण्यानं ती जात नसे, साबण लावून बोटानं घासावी लागे. तिच्या नखांतला काळा रंग त्या गाडीचा होता.

"हा धुळीचा मळ नाही," तिनं मला समजावलं. "हा ब्रेकचा. जी जास्त पळते तिला जास्त थांबावं लागतं. हा थांबायचा मळ आहे, पोरी. एवढा दुसऱ्या कुठल्याच गाडीला नाही."

काळीचा दरवाजा मिटताना आवाज होत नाही, हे तिला आवडायचं. मागे बसायला जागा कमी, हे आवडायचं नाही. "ही चालवणाऱ्याची गाडी. ड्रायव्हर ठेवून मागं बसायचं असलं तर बदामी घ्यावी." बदामीसुद्धा जर्मनच, पण लांबलचक, साडीच्या एका व्यापाऱ्याची. तिच्यावर चमकणाऱ्या पट्ट्या फार. धुऊन, पुसून, फडकं पिळून झालं की मग तिच्या जाळीतून पाणी ओघळायचं. जिजी म्हणायची, "म्हातारी आहे. सगळं आवरल्यावर रडायला लागते."

पांढरी जपानी. तिचा रंग पातळ, फडकं जोरात फिरवलं की गोल चरे उठायचे, दरवाजा डब्यासारखा वाजायचा. पण तिच्याखालची फरशी रोज कोरडी असायची, तेलाचा एक थेंब नाही. "गुणाची आहे," जिजी म्हणे. ती गाडी वकीलसाहेबांची होती. वकीलसाहेब आमच्या संघटनेचे खटले फी न घेता लढायचे. आबाला खात्यातून काढलं होतं तेव्हा त्यांनीच त्याला परत कामावर घ्यायला लावलं होतं. त्यामुळे पांढरीवर जिजीचा हात जरा हलका फिरायचा, चरे उठू नयेत म्हणून.

काळीच्या शेठला कुणीतरी सांगितलं की ही बाई गाड्यांची पारख करते. त्यानं गमतीनं विचारलं, "माजी, गाडी केवी छे?"

"गाडी सारी छे शेठ," जिजी म्हणाली. "तमे ब्रेक मोडी मारो छो."

ब्रेक उशिरा मारता, असं त्याला आजवर कुणी सांगितलं नसावं. त्यानंतर तो तिच्याशी कधी बोलला नाही.

मग त्या हिवाळ्यात शांताराम गेला. आमच्याच गल्लीतला, रात्रपाळी संपवून सकाळी सातच्या सुमारास सायकलवरून घरी येत होता. उधन्याच्या रस्त्यावर गाडीनं उडवलं आणि गाडी थांबली नाही. दवाखान्यात नेईपर्यंत संपला. चहाच्या टपरीवाल्यानं धुरक्यातून एवढंच पाहिलं की गाडी परदेशी होती. गल्लीनं निकाल तिथल्या तिथे दिला. रोज सकाळी त्याच रस्त्यानं सचिनकडे सुसाट जाणारी परदेशी गाडी एकच, काळी. संप केला म्हणून तिच्या मालकानं आमची माणसं काढलेली होती. माझ्यासाठी तर ते पत्रक आपोआप लिहिलं जात होतं. दुपारपर्यंत मजकूर तयार होता, प्रेसवाला थांबला होता, आणि पोरं म्हणत होती की पत्रक हातात आलं की बिल्डिंगवर जायचं, गाडीची एक काच शिल्लक ठेवायची नाही. मला जिजीकडून एकच वाक्य हवं होतं: काळी सकाळी ठोकर खाऊन परत आली.

जिजी घराच्या उंबऱ्यावर बसली होती. दुपारी कामावरून येऊन तिनं चूलसुद्धा पेटवली नव्हती.

"काळी नाही," ती म्हणाली.

"तुम्ही पाहिलंत?"

"काल घासली तिची चाकं. आज बोट फिरवलं तर बोट स्वच्छ. ती गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आली तरी चाक सांगतं. काळी जागची हलली नाही."

मी भडकले. आज सांगायला लाज वाटते, पण मी म्हणाले, "जिजी, तुम्ही शेठच्या बाजूनं बोलताय." आबा आतून आमच्या तोंडांकडे बघत होता, त्याला काही ऐकू येत नव्हतं.

मग ती आपणहून बोलू लागली. सकाळी साडेसातला पांढरी आली. वकीलसाहेब उतरून न बोलता वर गेले. गाडी ओली होती, कुणीतरी वाटेत घाईघाईनं बाटलीनं पाणी ओतल्यासारखी. पुढचा एक दिवा तडकला होता. दिव्याच्या फटीत एक धागा अडकला होता. लूमच्या सुताचा, हातभर लांब. आबाच्या सदऱ्यावर, केसांत, कधीकधी भाकरीतसुद्धा असे धागे रोज सापडतात आणि जिजी ते रोज काढून टाकते. हातानं सवयीनं तेच केलं. धागा ओढला, बोटाला गुंडाळला, नाल्यात टाकला. मग बंपर पुसला, दिवा पुसला, खालून-वरून सगळी गाडी लख्ख केली. घरी आल्यावर शांतारामचं कळलं.

"मी धुई टाकी ती," ती म्हणाली. "मीच धुई टाकी."

मी म्हणाले, धागा कुठूनही अडकू शकतो. मी म्हणाले, वकीलसाहेब तसे नाहीत. काळीबद्दल मला एवढाही पुरावा लागला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही. जिजीनं वाद घातला नाही. डोक्यावरून पदर घेतला आणि म्हणाली, "चल मंगलाकडे."

मंगला म्हणजे शांतारामची बायको. बायकांच्या घोळक्यात भिंतीला टेकून बसली होती. जिजी तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि जसं मला सांगितलं तसंच सगळं सांगितलं, काहीही न गाळता. धागा फेकला तेही. आजूबाजूच्या बायका कुजबुजल्या, एक जण म्हणाली, "जिजी, आज कशाला हे." मंगलानं एवढंच विचारलं, धागा कोणत्या रंगाचा होता.

"फिक्का निळा."

मंगला उठली. खुंटीवर शांतारामचा आदल्या दिवशीचा सदरा होता. तिनं तो जिजीच्या मांडीवर ठेवला. त्याच्या खिशात, शिवणीत, बटणांखाली निळं सूत होतं. त्याच्या मागावर त्या आठवड्यात निळ्या सुताचा ताणा लावलेला होता.

पत्रकाचा मजकूर मी तिथेच फाडला. पोरांना जिजीनं स्वतः सांगितलं. ती ऐकेनात. वकीलसाहेब म्हणजे त्यांचा देव. एक जण म्हणाला, "जिजी, त्यांनी आबाला परत कामावर लावलं, विसरलीस काय?"

"नाही विसरले. माझ्यावर त्यांचे उपकार आहेत," ती म्हणाली. "मंगलावर कोणते?"

चौकीत मी तिच्यासोबत होते. हवालदारानं लिहून घेतलं आणि विचारलं, "धागो क्यां छे, माजी?" फेकला म्हटल्यावर त्यानं पेनाला टोपण लावलं. तरीही जिजीनं अंगठा उठवल्याशिवाय खुर्ची सोडली नाही. पुढे त्या कागदाचं काय झालं ते मी आजवर विचारत आले आहे. मला कुणी सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी नवं पत्रक लिहिलं. संघटनेत त्यावर भांडण झालं. खटले कोण लढणार, असा प्रश्न होता, आणि तो खोटा नव्हता. जिजीला मी मजकूर वाचून दाखवला. जे तिनं पाहिलं तेवढंच त्यात होतं: चाक, पाणी, दिवा, धागा. खाली, नेहमी टाकतो तसं आणि तिच्या पोटापाण्याचा विचार करून, 'एक कामगार भगिनी' असं टाकलं होतं.

"कोणती भगिनी?" ती म्हणाली. "गाडी मी धुतली. माझं नाव टाक."

मी तिला सांगितलं की त्यानं काय होईल. तिला ते माझ्याआधीच माहीत होतं.

पत्रक वाटल्याच्या दिवशी वॉचमननं तिला गेटावरच थांबवलं. आठवड्यानं वकीलसाहेबांच्या कारकुनानं आमच्या सगळ्या फायली रिक्षातून आणून संघटनेच्या दारात ठेवल्या. सोबत चिठ्ठी नव्हती. तक्रार नव्हती, खुलासा नव्हता, खोटं लिहिल्याबद्दल नोटीसही नव्हती. आमच्यातल्या ज्यांना तोवर शंका होती त्यांना त्या फायलींनी उत्तर दिलं. पांढरी गाडी महिनाभरात विकली गेली.

जिजीला अठवा लाइन्सवर पुन्हा काम मिळालं नाही. काही दिवस तिनं कामरेजकडच्या एका ढाब्यावर भांडी घासली. पुढच्या वर्षी आबाला लूमवर उभं राहणंही जमेना, तेव्हा दोघं शिरपूरकडे निघून गेली. निघताना तिनं मला एवढंच सांगितलं की लिहिण्याआधी जाऊन बघत जा. गेल्या उन्हाळ्यात ती वारल्याचं मला दहाव्यानंतर कळलं.

मंगलाकडे मी अजून जाते. ते पत्रक तिनं घडी करून शांतारामच्या फोटोमागे ठेवलं आहे. पोलिसांच्या कागदात काय लिहिलं आहे ते मला माहीत नाही. फोटोमागच्या कागदात गाडीचा रंग बरोबर लिहिलेला आहे.