डोप टेस्टच्या बाई

बुऱ्हाणपूरच्या शालेय धावण्याच्या स्पर्धेत मी पहिली आले आणि डोप टेस्टच्या बाई सावलीसारख्या मागे लागल्या. लघवी त्यांच्या डोळ्यांदेखत द्यायची, असा नियम. आमच्या जसोंडी गावी केळीच्या बागेत आई पाठमोरी उभी राहून पदराचा आडोसा धरायची; या तर बघत उभ्या राहणार. तासभर मला होईना. बाईंनी दाराच्या फटीवर स्वतःची ओढणी टांगली, नळ सोडला आणि म्हणाल्या, "बेटा, मी शक नाही करत. उद्या कोणी म्हटलं गोळी खाऊन पळाली, तर तुझ्याकडून बोलायला मी आहे ना."

गावात तसं म्हणणारे निघालेच. मी रिपोर्ट आणि बाईंची सही असलेला कागद पुढे केला. सहीतलं नाव मला आजही वाचता येत नाही. सही मात्र मला पाठ आहे.