तहकूब सभेतला अर्धा तास

माझी सून नीरजा बोलताना अडखळते. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर ‘अगंबाई, बिचारी!’ वगैरे सुरू व्हायला नको. बिचारी-बिचारी काही नाही. सोसायट्यांचे हिशेब तपासायची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली, सरकारी यादीत नाव लागलं, आणि कर्वेनगरातल्या कितीतरी सोसायट्यांचं काम गेली अनेक वर्षं तीच करतेय. सह्या मात्र दिगंबरकाकांच्या. काका तिचे साहेब. काम हिनं करायचं, लोकांशी बोलायचं काकांनी, असं दोघांचं छान जमलं होतं.

आणि अशा मुलीच्या नशिबी सासू कोण, तर मी! जन्म टेलिफोन खात्यात गेला. समोरच्यानं तोंड उघडलं की पुढचं मला कळतं, निदान मला तसं वाटतं. “आई, भा... भा...” अशी ती अडली की मी म्हणणार, “भाजी चिरतेस? चीर.” तिला म्हणायचं असतं भाकरी. तरी ती हसते आणि निमूट भाजी चिरायला घेते. मला सवय सुटत नाही, आणि तिला राग येत नाही. कठीण आहे दोघींचं.

यंदा काकांच्या गुडघ्यांनी दगा दिला. त्यांनी ऑफिस बंद केलं आणि म्हणाले, “या वर्षीचे अहवाल सह्या करून देतो, पुढचं तुझं तू बघ.” मग घरात चर्चा सुरू झाली. माझा मुलगा माधव खराडीला मोठ्या कंपनीत आहे, त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नावर एक कंपनी असते. त्यानं ‘करसोबती’ आणली, लोकांचे कर-हिशेब करून देणारी. हिनं त्यांची फ्रँचायझी घ्यायची. आमच्या पुढच्या खोलीत काचेचं दार, दारावर पाटी त्यांची, गिऱ्हाईक ते पाठवणार, आणि फीमधला वाटा त्यांना. माधवचं म्हणणं एकच, “आई, तिला लोकांकडे काम मागायला जायला नको. अनोळखी माणसांशी बोलायला लागलं की ती रात्रभर झोपत नाही, मी बघतो ना.” बायकोवर जीव आहे हो त्याचा. म्हणून तर मला त्याच्याशी धड भांडताही येईना.

करसोबतीवाल्यांनी फोनवर म्हणायचं एक वाक्य दिलं होतं. नीरजा ते स्वयंपाकघरात घोकायची. “नमस्कार, करसोबतीमध्ये आपलं स्वागत आहे, मी आपली काय मदत करू?” अगदी घडाघडा! एकदासुद्धा अडली नाही. मी बाहेर वाती वळत होते, मला कौतुक वाटलं. मग जरा वेळानं हळूच ऐकू आलं, “नमस्कार, मी नी... नी... नी...” आणि तिनं मिक्सर लावला. मिक्सरमध्ये काहीच नव्हतं, नुसतं भांडं फिरत होतं.

मी आत गेले. ती म्हणाली, “आई, पाटी आपली लावली तर फो... फोनवर नाव सांगावं लागेल. मला माझंच नाव येत नाही.”

दुसऱ्याचं नाव फाडफाड येतं आणि आईबापांनी ठेवलेलं येत नाही, हे काय देवाचं वागणं झालं? सोमवारी करसोबतीवाल्यांचा फोन येणार होता, तेव्हा हो की नाही ते सांगायचं होतं.

रविवारी पलीकडच्या गल्लीतल्या सोसायटीची वार्षिक सभा होती. अहवाल काकांच्या सहीचा, पण सांगायला कुणीतरी हवं, म्हणून हिला पाठवलं. “आई, चला ना सोबत,” म्हणाली. गेले. पाचची सभा, आम्ही पाचच्या आधी हजर. हॉल रिकामा! आता पुरेशी माणसं नसली की सभा अर्धा तास तहकूब करायची आणि मग असतील तेवढ्यांत उरकायची, असा नियम असतो. म्हणून झाडून सगळे साडेपाचलाच येतात. सभांना नेहमी काका जायचे, हिला हे कुठलं ठाऊक!

एकटे आप्पासाहेब तेवढे बसले होते. ज्यांच्या वावरात ही इमारत उभी राहिली ते. दर वर्षी वेळेवर यायचं, आणि नंतर प्रश्न विचारून सगळ्यांना आठ वाजेपर्यंत बसवून ठेवायचं, हा त्यांचा नेम. सेक्रेटरींनी मला विचारलं, “आपण सभासद?” म्हटलं, “मी हिची सासू.” म्हणाले, “सासूला मताधिकार नाही.” म्हटलं, “घरीही नाही.” आणि जाऊन मागे बसले.

आप्पासाहेब नीरजाजवळ खुर्ची ओढून बसले. “पोरी, इमारतीच्या दुरुस्तीसाठी साठवलेला पैसा बँकेत हाय म्हणता, मग त्याचं व्याज कुठं हाय?” ती सांगायला लागली. अडली. माझी जीभ वळवळायला लागली, पण मी मागे, ते पुढे. आप्पासाहेब म्हणाले, “घाई न्हाय. गाडी सुटतीय व्हय आपली?” आणि खरोखरच गप्प बसून राहिले. ती थांबत, अडखळत, कागदावर बोट ठेवत सांगत गेली. ते विचारत गेले. माणसं येत होती, आजूबाजूला उभी राहून ऐकत होती. आणखी दोघांनी शंका विचारल्या. तिनं त्यांनाही सांगितलं.

साडेपाचला सभा सुरू झाली. हिशेबाचा विषय आला तशी सगळ्यांनी आप्पासाहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, “मला काय विचारायचं न्हाय. समजलं मला.” हॉलमध्ये असा सन्नाटा की कुणी गेल्याची बातमी यावी! वर ते म्हणाले, “पुढल्या सालचा हिशेब हिनंच तपासायचा. लिवा.”

टाळ्या पडल्या. सेक्रेटरींनी पेन उचललं. “छान. ठरावात नाव काय लिहू? आपली काही फर्म वगैरे?”

‘करसोबती’ म्हटलं असतं तर एका दमात सुटली असती. तेवढंच तर तिला येत होतं.

ती उभी राहिली. “मी...” म्हणाली. “नी...” आणि अडली. पुन्हा “नी...” आणि पुन्हा अडली. मान ताठ झाली, डोळे मिटले. माझ्या ओठांवर ते नाव आलं होतं हो! पुढच्या रांगेतले एक गृहस्थ सांगायला वळलेही, पण आप्पासाहेबांनी नुसता हात वर केला. मी पदर तोंडात कोंबला. सारखी घड्याळाकडे बघणारी पुण्यातली ती सगळी माणसं, पण एकही हललं नाही.

“नीरजा माधव साने,” ती म्हणाली. “फर्म नाही. मीच.”

सेक्रेटरींनी लिहून घेतलं आणि म्हणाले, “पुढचा विषय, पाण्याची टाकी.” मी मागे बसून घळाघळा रडले. शेजारच्या बाई म्हणाल्या, “टाकीचं एवढं काय मनावर घेता?”

घरी आलो तर माधव दारातच. “काय गं, उद्या त्यांना काय सांगायचं? हो ना?”

नीरजानं चपला काढल्या आणि त्याच्याकडे पाहिलं. “मा... मा...”

मला सगळं माहीत होतं. मी तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं. माधव काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्याच्या दंडाला चिमटा काढला. मग आम्ही दोघंही दारात उभे राहिलो, ती सांगेपर्यंत.